मतदाराची वाट अडविणे हेही ‘मतदान केंद्र बळकावणे’च

मतपेट्या पळविणे म्हणजेच मतदान केंद्र बळकावणे, असा सर्वसाधारण समज आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये १९८९ साली समाविष्ट झालेल्या कलम १३५-अ ची व्याख्या मात्र त्याहून व्यापक असून, मतदाराला धमकावून केंद्राकडे जाण्यापासून रोखणे हाही तोच गुन्हा ठरतो. शिक्षा १ ते ३ वर्षे कारावास व दंड. सरकारी सेवकास ३ ते ५ वर्षे. मतदार अनुसूचित जाती-जमातीचा आणि धमकावणारा त्याबाहेरचा असल्यास अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो. निर्वाचन निर्णय अधिकाऱ्याच्या अहवालानंतर आयोग कलम ५८-अ अन्वये फेरमतदानाचा आदेश देऊ शकतो. खरी अडचण पुराव्याची. फोडलेले यंत्र दिसते; भीतीपोटी घरीच राहिलेल्या मतदाराची नोंद केंद्रावर केवळ ‘गैरहजर’ एवढीच उरते, आणि तक्रार त्यालाच गावातल्या दांडग्यांविरुद्ध करावी लागते.