जामीनदाराचं लायसन्स

दारूवाल्यावर लेख कशाला, असं विचाराल. विचारा. मलाही दारूवाल्याचा पुळका नाही. गुत्त्यांनी आपल्या वस्त्या कशा नासवल्या ते मी बघितलंय. पण ही केस दारूची कमी आणि जामिनाची जास्त.

कॅनडातला क्वेबेक प्रांत. मॉन्ट्रियल शहरात फ्रँक रॉनकारेलीचं हॉटेल. घराण्याकडे दारूचं लायसन्स ३४ वर्षं. कॅथलिकांच्या त्या प्रांतात हा यहोवा विटनेस पंथाचा. पंथातली माणसं रस्त्यावर पत्रकं वाटायची, विनापरवाना वाटली म्हणून पोलीस उचलायचे. रॉनकारेली जामीन राहायचा. एकदोघांना नव्हे, सुमारे ३८० जणांना.

मोर्च्यातली पोरं आत गेली की जामीनदारासाठी किती उंबरे झिजवावे लागतात हे आपल्याला कुणी सांगायला नको. सातबारावाला नेमका त्याच दिवशी परगावी गेलेला असतो. तेव्हा ३८० हा आकडा परत एकदा वाचा.

प्रांताचा प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री, मोरिस ड्युप्लेसी. ॲटर्नी जनरलही तोच. त्याच्या हुकमावरून ४ डिसेंबर १९४६ ला लायसन्स रद्द झालं. पुन्हा कधीच मिळणार नाही, हेही ऐकवलं. भर जेवणाच्या वेळी धाड घालून माल उचलला. सहा महिन्यांत हॉटेल बसलं. गुन्हा काय? दारूच्या धंद्यात काहीच नाही. जामीन राहिला, एवढाच.

त्यानं थेट ड्युप्लेसीवरच दावा लावला. वकील ए. एल. स्टाइन आणि एफ. आर. स्कॉट. हा स्कॉट कायद्याचा प्राध्यापक आणि नावाजलेला कवी. कवितेनं काय होतंय म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी. १९५१ ला खाली जिंकले, १९५६ ला अपिलात हरले, २७ जानेवारी १९५९ ला सुप्रीम कोर्टात सहा विरुद्ध तीन असे जिंकले. न्यायमूर्ती रँड यांचं म्हणणं आपल्या बोलीत असं: लायसन्स देणं-काढणं मर्जीवर असलं तरी ती मर्जी मोकाट नाही. कायद्यानं ज्या कामासाठी अधिकार दिला, त्याच कामासाठी तो वापरायचा. सूड घ्यायला नाही.

रेशन दुकान, गाळा, टपरी. आपल्या माणसाचं पोट असल्याच कागदावर टांगलेलं असतं, अन् कागद ओढला की तोंड आपोआप बंद होतं. असं झालं तर आधी लेखी कारण मागा. हायकोर्टात कलम २२६ आहे, कलम १४ आहे.

भरपाई ३३,१२३ डॉलर ५३ सेंट. ती सरकारवर नाही, ड्युप्लेसीवर जातीनं बसली. मात्र बारा वर्षं गेली होती, आणि हॉटेल केव्हाच संपलं होतं.