नॉर्मल बाळंतपण हवंय? सातव्या महिन्यातच डॉक्टरांना हे प्रश्न विचारा

भिवंडी : "तपासायला नेलं तेव्हा सगळं ठीक होतं, तासाभरात सिझर सांगितलं." कामतघर, ताडाळी, टेमघरच्या चाळींपासून पडघा, अंबाडीपर्यंत हे वाक्य घराघरात ऐकू येतं. ते सिझर खरंच गरजेचं होतं का, हे घरच्यांना शेवटपर्यंत कळत नाही. कारण विचारायची वेळ निघून गेलेली असते. बाई कळांनी तळमळत असते, सही करायचा कागद पुढे आलेला असतो, तेव्हा कोणी प्रश्न विचारत नाही. विचारायचं ते आधी. सातवा महिना ही त्यासाठी योग्य वेळ.

नॉर्मल बाळंतपणाला साथ देणारे डॉक्टर किंवा सिस्टर कशा ओळखायच्या, काय विचारायचं आणि कुठे हट्ट सोडायचा, याची ही माहिती.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात १०० बाळंतपणांपैकी साधारण २१ सिझरने होतात. खासगी दवाखान्यांत हाच आकडा ४७ च्या आसपास, तर सरकारीत १४ च्या आसपास आहे. महाराष्ट्रात सगळी मिळून १०० पैकी २५ सिझर होतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की सिझरचं प्रमाण १०० मागे १० पर्यंत वाढतं तेव्हा आई-बाळाचे मृत्यू कमी होतात. त्यापुढे प्रमाण वाढलं तरी मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत.

पण हे आकडे सरळ वाचू नका. सरकारी आकडा कमी असण्याचं एक कारण म्हणजे अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत सिझरची सोयच नसते. आणि खासगीत प्रत्येक सिझर पैशासाठीच होतं असंही नाही. पहिलटकरणीच्या कळा बारा तास किंवा त्याहूनही जास्त चालू शकतात. एकटा डॉक्टर दिवसभर ओपीडी बघून रात्रभर शेजारी बसू शकत नाही. सिझर तासाभरात उरकतं. शिवाय "मुहूर्तावर काढा", "तिला सोसवत नाही, करून टाका" असं सांगणारे घरचेही असतात. म्हणून डॉक्टर चांगला की वाईट एवढंच बघू नका. त्या दवाखान्यात वाट बघायची सोय आहे का, ते बघा.

विचारायचे आठ प्रश्न

तपासणीला जाताना नवरा, सासू किंवा आई, कोणीतरी सोबत न्या. प्रश्न कागदावर लिहून न्या. सुरात भांडण नको. "डॉक्टर, आम्हाला नॉर्मलसाठी प्रयत्न करायचाय, थोडं विचारू का?" एवढं म्हटलं की पुरे.

१. तुमच्याकडे पहिलटकरणींमध्ये साधारण किती नॉर्मल होतात? अंदाज सांगणारा डॉक्टर हिशेब ठेवतो. "ते तुम्हाला कशाला?" असं उत्तर आलं तर विचार करा. आणि "शंभर टक्के नॉर्मल करून देतो" म्हणणाऱ्यापासूनही लांब राहा. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही.

२. रात्री दोन वाजता कळा आल्या तर दवाखान्यात कोण असेल? बाळंतपण नेमकं कोण करणार, स्त्रीरोगतज्ज्ञ (एमडी, एमएस, डीएनबी किंवा डीजीओ), दुसरा डॉक्टर की सिस्टर, हे स्पष्ट विचारा. तज्ज्ञ किती मिनिटांत पोहोचतात तेही विचारा. दोन-तीन डॉक्टर पाळीने असतील तर वाट बघायला त्यांना सोपं जातं.

३. घाईचं सिझर लागलं तर भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्त कुठून येणार? किती वेळ लागेल? नॉर्मलला साथ देणाऱ्या दवाखान्याला हा प्रश्न आवडतो. जिथे लगेच सिझर करता येतं, तिथेच डॉक्टर निर्धास्तपणे वाट बघू शकतात.

४. तारीख उलटली तर किती दिवस थांबता? तारीख म्हणजे ४० आठवडे. बाळाचे ठोके, पाणी आणि आईचं बीपी ठीक असेल तर एक-दोन दिवस उलटले म्हणून लगेच सिझर होत नाही. ४१ आठवडे पूर्ण झाले की कळा सुरू करण्याचं औषध द्यावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पण तारीख उलटल्यावर तपासणी चुकवून घरी बसायचं नाही.

५. कळांच्या वेळी चालू-फिरू देता का? पाणी, पेज, चहा देता का? धोका नसलेल्या बाईला चालणं, बसणं, कुशीवर होणं आणि हलकं खाणं-पिणं चालतं. सुरुवातीपासून सलाईन लावून उताणं झोपवण्याची गरज नसते.

६. सोबत बाई राहू देता का? आई, सासू, जाऊ, बहीण कोणीही. धीर द्यायला माणूस जवळ असलं की सिझर आणि अवजारांनी बाळ काढायची वेळ कमी येते, हे अभ्यासांतून दिसलंय. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांतही प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली आहे. ती स्वतः बाळंत झालेली असावी आणि तिला संसर्गाचा आजार नसावा, एवढीच मुख्य अट.

७. खालचा छेद सगळ्यांनाच देता का? पोट वरून दाबता का? छेद गरज असेल तरच द्यायचा असतो, सरसकट नाही. बाळ लवकर यावं म्हणून पोटावर जोर देऊन दाबणं जागतिक आरोग्य संघटनेने नको म्हटलंय.

८. नॉर्मलचा आणि सिझरचा खर्च किती? बाळाला काचेत ठेवावं लागलं तर? दोन्ही दर लिहून मागा. काचेची सोय तिथेच आहे की बाळ ठाण्या-कल्याणला हलवावं लागेल, ते आत्ताच विचारा.

भिंतीवर नर्सिंग होमचं नोंदणी प्रमाणपत्र आहे का, तेही बघून ठेवा. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार महाराष्ट्रातल्या खासगी दवाखान्यांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावायचं आहे.

ही कारणं सांगितली तर काय विचाराल?

"नाळ मानेला गुंडाळलीय." चार-पाच बाळांमागे एकाच्या मानेला नाळ असते आणि बहुतेक जण नॉर्मल जन्मतात. विचारा : "ठोके कमी होतायत का?"

"पाणी कमी झालंय." विचारा : "रिपोर्टमध्ये किती आहे?" पाण्याचा निर्देशांक ५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर खरंच कमी. ८-९ असेल तर लक्ष ठेवायचं, घाबरायचं नाही.

"बाळाने पोटात शी केलीय." पाणी किती हिरवं-घट्ट आहे आणि ठोके कसे आहेत, यावर निर्णय ठरतो. घट्ट शी आणि बिघडलेले ठोके असतील तर वेळ दवडू नका.

"पिशवीचं तोंड उघडत नाही." पूर्वी तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असं मानत. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की हा नियम सगळ्यांना लागू नाही. ५ सेंटिमीटर झाल्यावर जोराच्या कळांचा टप्पा धरायचा आणि पहिलटकरणीला त्यात बारा तासांपर्यंत लागू शकतात. आई-बाळ ठीक असतील तर थांबता येतं.

"पहिलं सिझर होतं, आता सिझरच." दरवेळी तसं नाही. आधी एकच सिझर झालं असेल, छेद आडवा असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. असा प्रयत्न करणाऱ्या १०० पैकी साधारण ६० ते ८० जणींना तो जमतो. पण जुना टाका उसवण्याचा थोडा धोका असतो. म्हणून चोवीस तास ऑपरेशन, भूल आणि रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच हा प्रयत्न करायचा. आधीच्या सिझरचे कागद सोबत न्या.

एक साधा प्रश्न सगळीकडे चालतो : "आत्ता घाई आहे, की तासभर थांबून परत तपासता येईल?" घाई असेल तर डॉक्टर लगेच सांगतील.

इथे हट्ट नको

काही वेळा सिझरच जीव वाचवतं :

- वार खाली असून पिशवीचं तोंड झाकलेलं असणं
- बाळ आडवं असणं
- कळा सुरू होण्याआधी किंवा कळांमध्ये खूप रक्त जाणं
- नाळ बाळाआधी बाहेर येणं
- ठोके सतत बिघडणं
- चांगल्या कळा येऊनही बाळ अडकून राहणं

पायाळू बाळ असेल, विशेषतः पहिलटकरणीला, तरी बहुतेक वेळा सिझरच सांगतात. बीपी खूप वाढून झटके आले तर बाळंतपण लवकर उरकावं लागतं, मग ते कुठल्याही मार्गाने असो. अशा वेळी "आमच्याकडे सगळ्यांची नॉर्मल झाली" म्हणत बसू नका.

सुईण, दाई की सिस्टर?

जुन्या सुईणींच्या हातात कसब होतं, पण रक्त थांबलं नाही तर त्यांच्याकडे उपाय नव्हता. शेजारच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. ते दुःख पाठीशी घेऊन त्या अमेरिकेत शिकल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता.

घरी बाळंतपण करणं म्हणजे नैसर्गिक बाळंतपण नव्हे. बाळ आल्यावर वार अडकली किंवा रक्त वाहत राहिलं, तर हाताशी फार थोडा वेळ असतो. वस्तीतल्या जाणत्या दाईला सोबतीण म्हणून दवाखान्यात न्या. तिचा धीर आणि अनुभव तिथे खरा उपयोगी पडतो.

सरकारी रुग्णालयात साधी बाळंतपणं बऱ्याचदा सिस्टरच करतात आणि चांगली करतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये नर्सना दीड वर्षाचं खास सुईणपणाचं शिक्षण देण्याचं धोरण आणलं. अशा सिस्टर अजून सगळीकडे नाहीत. पण लेबर रूममधल्या सिस्टरशी आधी ओळख करून घेतलीत, तर त्या दिवशी बाईची निम्मी भीती कमी होते.

सरकारीत काय मोफत?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी रुग्णालयात नॉर्मल असो की सिझर, बाळंतपण, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत. जेवण नॉर्मलला ३ दिवस, सिझरला ७ दिवस. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. पुढे पाठवलं तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. धोका आहे की नाही हे तिथेच कळतं.

हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर छोट्या प्रसूतीगृहात नाव घालू नका. रक्ताची सोय असेल तिथेच जा.

माहेरी जाणार असाल तर

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. कामतघरची सून आठव्या महिन्यात शहापूर, मुरबाड किंवा वाड्याला जाते आणि डॉक्टर बदलतो. नवे डॉक्टर तिला पहिल्यांदाच बघतात, जुने कागद नसतात, मग धोका नको म्हणून सिझरकडे कल जातो. म्हणून माहेरचा दवाखाना सातव्या महिन्यातच ठरवा. तिथे एक तपासणी करून या. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

गाडी आणि रस्ता

अंजूरफाट्याला किंवा कशेळीच्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागली की जवळचं अंतरही लांबतं. दवाखाना ठरवताना संध्याकाळच्या गर्दीत एकदा जाऊन बघा, किती वेळ लागतो. १०८ आणि १०२ हे नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत. ओळखीच्या रिक्षावाल्याचाही ठेवा.

रक्त जाणं, झटका, खूप डोकं दुखून डोळ्यापुढे अंधारी, ताप, बाळाची हालचाल कमी होणं किंवा हिरवं पाणी जाणं, यातलं काहीही झालं तर कळांची वाट बघू नका. लगेच निघा.

लक्षात ठेवा

चांगला डॉक्टर म्हणजे न कापणारा डॉक्टर नव्हे. गरज नसताना थांबतो, गरज पडली की एक मिनिट वाया घालवत नाही आणि दोन्ही वेळेला कारण सांगतो, तो चांगला डॉक्टर. असा माणूस शोधायला वेळ लागतो, म्हणून सातव्या महिन्यात सुरुवात करा. आशाताईंना विचारा, वस्तीत नुकत्याच बाळंत झालेल्या दोन-चार जणींना विचारा.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्येक बाईची तब्येत वेगळी असते, निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. घरात किंवा शेजारी कोणाला दिवस गेले असतील तर त्यांना ही बातमी जरूर पाठवा.)