गळ साहेबाचा नव्हे

हरिपूरला, वारणा कृष्णेला मिळते तिथे, हल्ली फायबरची काठी आणि चकचकीत रीळ घेतलेली तरुण मंडळी दिसतात. त्यांच्यात, आणि एकूणच शिकल्यासवरल्या लोकांत, एक मत पक्कं रुजलं आहे. आपल्याकडे मासे मारणं म्हणजे पोटाचा धंदा; जाळं टाकायचं आणि ओढायचं. गळाने, अभ्यासाने, हौस म्हणून मासा धरायची विद्या इंग्रजांनी आणली आणि अमेरिकेतल्या ‘बास’ माशावाल्यांनी ती कळसाला नेली, असं हे मत. बांबूची काठी घेऊन पलीकडे बसलेला भोई त्यांच्या लेखी मोजण्यातच नाही. मत ऐकायला झकास आहे, पण पुराव्यापुढे उभं राहत नाही.

आधी त्यांची बाजू. हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या मुलकी अधिकाऱ्याचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ साली निघालं आणि महसीर हा साहेबांच्या शिकारीचा मासा ठरला. स्थिर चकतीचं रीळ १९०५ च्या सुमारास आल्फ्रेड इलिंगवर्थने आणलं. हा गृहस्थ ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातला. कांडी जागच्या जागी ठेवून तिच्या टोकावरून सूत सुटतं, ही गिरणीतली युक्ती त्याने दोऱ्याला लावली. इचलकरंजीच्या किंवा विट्याच्या यंत्रमागवाल्याला हे रीळ समजावून सांगावं लागणार नाही. दोरा लांब फेकता येतो तो या युक्तीमुळे, आणि हे श्रेय नाकारण्यात काही अर्थ नाही. पण रीळ ही कल्पनाच मुळात विलायती, असं कोणी म्हणेल तर तेही खरं नाही. चीनमधल्या मा युआन या चित्रकाराच्या ११९५ च्या सुमाराच्या चित्रात, नावेत बसलेल्या माणसाच्या काठीला रीळ स्पष्ट दिसतं.

आता मुख्य मुद्दा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्याचा बाप सहावा विक्रमादित्य. विक्रमादित्याची राणी चंदलादेवी कऱ्हाडच्या शिलाहारांची लेक. म्हणजे कृष्णा-कोयनेचा हा मुलूख त्या दरबाराला परका नव्हता. ग्रंथात राजाच्या करमणुकींचा जो भाग आहे, त्यात ‘मत्स्यविनोद’ असं स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्रातले मासे वेगळे, नदीतले वेगळे. खवल्यांचे वेगळे, बिनखवल्यांचे वेगळे. कोणाला पिठाचे गोळे चारायचे, कोणाला मांस, आणि मग गळाने ओढायचं कसं, हे सगळं तिथे आलं आहे. विनोद हा शब्द राजाचाच आहे. पोटाचा इथे प्रश्नच नव्हता. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला, त्यालाही सत्तरएक वर्षं झाली. इंग्रजीतलं गळाच्या खेळावरचं पहिलं छापील पुस्तक १४९६ चं आणि आयझॅक वॉल्टनचं तर १६५३ चं. साडेतीन ते सव्वापाच शतकांचं हे अंतर कोणाच्या बाजूने आहे, ते उघड आहे.

इथे काही जण टाळ्या वाजवतील: बघा, सगळं आमच्या पोथ्यांत होतंच! त्यांनाही आवरायला हवं. ‘मानसोल्लासा’त रीळ नाही, आणि राजाने हे ज्ञान काही सिंहासनावर बसून मिळवलेलं नाही. कोणता मासा कशावर येतो हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उभं राहून पाहिलं, त्यांच्याकडूनच ते वर गेलं असणार. साहेबाच्या बाबतीत तर हे सिद्धच करता येतं. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यातल्या शिंगाळ्याला त्याने ‘सीनघाला’, शिंगटीला ‘सीनगटी’ अशीच शास्त्रीय नावं दिली, आणि ती आजही चालू आहेत. नदीकाठच्या माणसाला विचारल्याशिवाय ही नावं लंडनला पोचली नसती.

जुनी काठी अडाणी, या आक्षेपाचं उत्तर ती जवळून पाहिल्यावर मिळतं. बांबूच्या शेंड्याला तंगूस, त्यावर ज्वारीच्या ताटाचा बोटभर तुकडा, खाली शिशाची गोळी, शेवटी गरी आणि तिला कणकेचा गोळा. शिसं तळाला जेमतेम टेकेल इतकीच तंगूस ठेवायची. मग तळचं खाणाऱ्या माशाने शिशासकट गोळा उचलला की ताटाच्या तुकड्यावरचं ओझं उतरतं आणि तो बुडायच्या ऐवजी वर येऊन पाण्यावर आडवा पडतो. नवखा माणूस तुकडा बुडायची वाट बघत राहतो. जाणता त्याच क्षणी काठी उचलतो. हे गणित कुठल्याही किमतीच्या रिळाने बदलत नाही.

राहिला ‘बास’. हा मासा कृष्णेत नाही. पण दबा धरून झडप घालायची त्याची सवय मरळीत आहे, म्हणून बाससाठी घडवलेला रबरी बेडूक आपल्याकडे मरळीला चालतो. त्याच्या गऱ्या पाठीला चिकटलेल्या असतात, त्यामुळे तो शेवाळात अडकत नाही. लांब काठीला खरा बेडूक लावून शेवाळातल्या मोकळ्या जागेत तो टपटपवायचा, ही रीत त्याआधीची, आणि तत्त्व तेच. मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं, एवढी एक गोष्ट रबरी आणि खऱ्या, दोन्ही बेडूकवाल्यांना कळलेली आहे. फक्त पिल्लांचा लाल घोळका राखणारी मरळ बेडकावर भुकेने नाही, रागाने येते. ती उचलली की सगळी वीण इतर माशांच्या तोंडी जाते. अशी मरळ मारून फोटो काढणाऱ्याने कसबाच्या गप्पा मारू नयेत.

होडीचंही तसंच. गुऱ्हाळाची काहील नदीत टाकून पार होणारी माणसं या पट्ट्यात सगळ्यांनी पाहिली आहेत. सपाट बुडाची ही लोखंडी कढई उथळ पाण्यातही तरते. वल्हं चुकलं की मात्र जागच्या जागी गरगरते. बासवाल्यांची मोटारबोट इथल्या उन्हाळी कृष्णेत जागोजागी तळाला घासेल, तेव्हा ती आणायची गरज नाही. त्यांच्याकडून घ्यायचंच असेल तर लाइफ जॅकेट घ्यावं. आपले रीळवाले हजारोंची काठी घेतात आणि जॅकेट मात्र दुकानातच राहतं. पाण्याची सवय जॅकेटचं काम करत नाही: ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि नदीकाठी जन्म काढलेली माणसं त्यात बुडाली.