काळजात घातलेलं बोट

पावसाळ्यात अल्लीपूरच्या आमच्या घरी एका खोलीत आठ जण झोपत असू. एकाचा घसा धरला की सगळ्यांचाच धरायचा. अशाच एका पावसाळ्यात आपाला ताप आला. आज एक गुडघा सुजला, तर उद्या दुसरा. महिन्याभरात ती बरी झाली, आम्ही विसरलो. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच काळजावर उलटतं, याला डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात, हे कळलं ते काही वर्षांनी, विहिरीवरून घागर आणताना आपाला धाप लागू लागली तेव्हा.

हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप म्हणजे दोन पाकळ्यांचं दार. पाकळ्या कडेने चिकटल्या की रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं. 1925 साली लंडनच्या हेन्री सौटर या सर्जनने एका मुलीच्या धडधडत्या हृदयात चक्क बोट घालून हे दार मोकळं केलं. मुलगी जगली. पण डॉक्टर मंडळींनी सौटरकडे दुसरा रुग्ण पाठवलाच नाही! पुढे 10 जून 1948 रोजी फिलाडेल्फियात चार्ल्स बेलीने सकाळी अशी शस्त्रक्रिया केली, रुग्ण दगावला. त्याच दुपारी त्याने दुसऱ्या इस्पितळात दुसरी केली. ती बाई वाचली. याला धाडस म्हणावं की हट्ट, माझं अजून ठरत नाही.

1950 च्या दशकात मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन ही शस्त्रक्रिया करू लागले. सेन यांचं नाव निघतं ते 1968 च्या हृदयरोपणासाठी. गरिबाच्या हिशेबात मात्र ही बोटाची शस्त्रक्रिया मोठी. तिला हृदय-फुफ्फुसाचं महागडं यंत्र लागत नाही.

1983 मध्ये अब्बा आपाला घेऊन मुंबईला गेले. ते शिंपी. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, ‘‘आत दिसतं का काही?’’

‘‘नाही. बोटालाच कळतं, शिवण कुठे उसवायची ते.’’

अब्बा म्हणाले, ‘‘मग करा.’’

बरगड्यांमधून वाट काढून केलेल्या त्या कामाची खूण आपाच्या डाव्या कुशीला अजून आहे. पुढे कित्येक वर्षं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही हिंगणघाटला एसटीने जाऊन. झडप पुन्हा आकसली तेव्हा छाती उघडावी लागली नाही. जपानच्या कांजी इनोऊए यांनी काढलेला फुगा मांडीच्या शिरेतून आत नेऊन काम झालं.

आपाला आता नातवंडं आहेत. एखाद्याचा घसा धरला की हळद-दुधाची गोष्ट ती ऐकून घेत नाही. आधी दवाखाना.