पानिपतचा बोलपट आणि गोदाकांठ

ऐतिहासिक युद्धपट पाहून आलेल्या मंडळींत वाद रंगतो तो बहुधा पोशाखावरून. पगडी त्या काळची नव्हती, तरवारीची मूठ भलत्याच घाटाची होती, एका दृश्यांत कपाळावर असलेली जखम पुढच्या दृश्यांत नाहींशी झाली! असल्या चुका शोधण्यांत मौज आहे. परंतु पगडी चुकल्यानें लढाईचा निकाल बदलत नाहीं. घटनांचा क्रम चुकला म्हणजे मात्र लढाई कां जिंकली आणि कां हरली, हेंच समजेनासें होतें.

आशुतोष गोवारीकर ह्यांचा ‘पानिपत’ हा हिंदी बोलपट ६ डिसेंबर २०१९ रोजीं प्रदर्शित झाला. त्यांतील सुरजमल जाटाच्या चित्रणावरून राजस्थानांत मोठा क्षोभ उसळला. रणांगणांतून वांचलेल्या मराठ्यांना ज्यानें आपल्या राज्यांत अन्नवस्त्र व आसरा दिला, त्याला स्वार्थी दाखवावें हें तेथील लोकांना सहन झालें नाहीं. निदर्शनें झालीं आणि निर्मात्यांना कांहीं भाग कापावा लागला. राजाच्या वतीनें प्रजा अशी उभी राहते. गांवांच्या आणि वाटांच्या वतीनें कोण उभें राहणार? ह्याच बोलपटांत मराठवाड्याच्या वांट्यास आलेली चूक म्हणूनच शांतपणें पाहण्यासारखी आहे.

बोलपटाच्या आरंभीं सदाशिवराव भाऊ उदगीरचा किल्ला सर करतात. तेथें निजामाच्या चाकरींत असलेल्या इब्राहिमखान गारद्याला ते आपल्या सैन्यांत घेतात. मग पुण्यांत विजयोत्सव होतो आणि पुढें उत्तरेची स्वारी निघते. कथेच्या दृष्टीनें ही मांडणी सुटसुटीत आहे. इतिहासांत यांपैकीं एकहि गोष्ट अशी घडलेली नाहीं.

उदगीरची लढाई म्हणजे किल्ल्यावरचा हल्ला नव्हे. ती चालत्या सैन्यांची झुंज होती. सलाबतजंग व निजामअल्ली हे बंधू उदगीरकडून निघून धारूर गांठण्याच्या खटपटींत होते. आजच्या बीड जिल्ह्यांत असलेल्या ह्या धारूरला त्यांची सुमारें सात हजार फौज होती. ती येऊन मिळाली असती तर मराठ्यांचें काम फारच अवघड झालें असतें. म्हणून ती भेट होण्यापूर्वींच मराठ्यांनीं त्यांना वाटेंत कोंडलें, आणि ३ फेब्रुवारी १७६० रोजीं औशाजवळ निकराचा हल्ला चढविला. निजामाला तह करावा लागला आणि सुमारें साठ लाखांचा मुलूख सोडावा लागला.

ह्या मोहिमेंत इब्राहिमखान कोणत्या बाजूस होता? मराठ्यांच्या! निजामअल्लीची चाकरी सुटल्यावर भाऊंनीं त्याला लढाईपूर्वींच आपल्याकडे घेतलें होतें. फ्रेंच पद्धतीनें कवाईत शिकलेलें त्याचें पायदळ आणि त्याच्या तोफा ह्यांनींच निजामाच्या फौजेस जेरीस आणलें. खानाची नेमणूक लढाईच्या मागें ढकलली कीं विजयाचें श्रेय केवळ तरवारीच्या पराक्रमाकडे जातें आणि तोफखाना दृष्टीआड होतो. पानिपतावर मल्हारराव होळकरांसारखे जुने सरदार गनिमी काव्याचा आग्रह धरीत असतां भाऊंनीं तोफा व गारदी ह्यांवर इतका भरंवसा कां ठेवला, ह्याचें उत्तर ह्या मोहिमेंत आहे. जी युक्ति वर्षभरापूर्वीं आपल्या डोळ्यांदेखत फळली, तिच्यावर सेनापतीनें विश्वास ठेवावा ह्यांत नवल तें काय? बोलपट पाहणाऱ्यास मात्र भाऊंचा हा निर्णय निव्वळ हट्ट वाटेल.

दुसरी चूक वाटेची. उदगीरची फौज उत्सवासाठीं पुण्यास परतलीच नाहीं. १० जानेवारी १७६० रोजीं दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर धारातीर्थीं पडले होते. ती बातमी दक्षिणेंत आल्यावर नानासाहेब पेशवे आणि भाऊ ह्यांची भेट परतूरला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यांत झाली. तेथेंच मसलत ठरली आणि तेथूनच मार्चमध्यें भाऊ उत्तरेकडे निघाले. नुकतीच एक लढाई संपवून, घराचें तोंडहि न पाहतां हें सैन्य चालूं लागलें, ही गोष्ट पुण्याच्या रोषणाईंत विरून जाते. थकलेल्या शिपायाचें चित्रहि तिच्याबरोबर जातें.

आणि ह्या हकीकतीचा शेवटहि गोदावरीच्याच कांठीं आहे. पानिपतांत मराठे खचलेले पाहून निजामअल्लीनें उचल खाल्ली. १७६३ मध्यें त्यानें पुणें लुटून जाळलें. त्याच वर्षीं, ऐन पावसाळ्यांत, त्याची फौज गोदावरी उतरूं लागली. निजामअल्ली पैलतीरीं पोंचला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह दक्षिण तीरावर, आजच्या गेवराई तालुक्यांतील राक्षसभुवन येथें राहिला. मध्यें नदीला पूर! १० ऑगस्ट १७६३ रोजीं राघोबादादा आणि अवघे अठरा वर्षांचे माधवराव ह्यांनीं ह्या अडकलेल्या फौजेवर झडप घातली. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि त्याच्या धन्याला पलीकडून कांहींच मदत करतां आली नाहीं. उदगीरनें मिळालेला आणि पानिपतानंतर डळमळलेला मुलूख राक्षसभुवननें पुन्हा हातीं दिला.

तीन तासांच्या बोलपटानें हें सारें दाखवावें अशी अपेक्षा कोणी करणार नाहीं. कलेला काटछांट करण्याचा अधिकार आहेच. परंतु कापणें निराळें आणि मागचें पुढें करणें निराळें. कापलेला भाग प्रेक्षक पुस्तकांतून भरून काढूं शकतो. उलटा केलेला क्रम मात्र खरा म्हणून मनांत घर करतो आणि मुलें तोच इतिहास समजतात. घरांतील मुलांनीं हा बोलपट अवश्य पाहावा; पाहून झाल्यावर नकाशा उघडून उदगीर, औसा, धारूर, परतूर आणि राक्षसभुवन हीं पांच ठिकाणें त्यांना शोधावयास सांगावें. पानिपतचें रण हरयाणांत झालें खरें. पण तेथवर जाणारी वाट कोठून निघाली, हें त्यांच्या बोटालाच दिसून येईल.