विक्रीकरातील बदल आणि ई-पुस्तकांची किंमत : युरोपीय अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

पुस्तकावर कर असावा की नसावा, हा वाद जुना आहे. ब्रिटनमध्ये १९४० साली खरेदी कर लागू झाला, तेव्हा युद्धामुळे महसुलाची निकड असूनही पुस्तके त्यातून वगळण्यात आली. १ एप्रिल १९७३ रोजी मूल्यवर्धित कर आला, तेव्हाही पुस्तकांसाठी शून्य दर ठेवण्यात आला. पुस्तक कागदावरून पडद्यावर आले, तेव्हा मात्र ही सवलत त्याच्याबरोबर आली नाही. असे का घडले व किमतीवर त्याचा काय परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

वस्तू की सेवा? :

युरोपीय संघाच्या कायद्यानुसार आंतरजालावरून मिळणारे ई-पुस्तक ही वस्तू नसून सेवा ठरली. २००९ च्या दुरुस्तीनंतर सीडीसारख्या भौतिक माध्यमावरील पुस्तकास सवलतीचा दर लावण्याची मुभा सदस्य देशांना मिळाली; इलेक्ट्रॉनिक सेवांना मात्र ती नाकारण्यात आली. म्हणजेच मजकूर एकच असूनही केवळ माध्यमानुसार कर बदलू लागला.

फ्रान्स व लक्झेंबर्ग यांनी हा भेद न जुमानता १ जानेवारी २०१२ पासून ई-पुस्तकांना सवलतीचा दर लावला. लक्झेंबर्गचा दर अवघा ३ टक्के होता. त्या काळी कर विक्रेत्याच्या देशातील दराने आकारला जाई. त्यामुळे लक्झेंबर्गमधून व्यवहार करणाऱ्या अ‍ॅमेझॉनला ब्रिटिश ग्राहकाकडूनही ३ टक्केच कर घ्यावा लागे, तर ब्रिटनमधील विक्रेत्यास २० टक्के.

दरबदल आणि किंमत :

१ जानेवारी २०१५ पासून ग्राहकाच्या देशाचा दर लागू झाला. करविरहित किंमत १० पौंड धरल्यास ३ टक्के दराने ग्राहक १०.३० पौंड देतो, तर २० टक्के दराने १२ पौंड. ग्राहकाची किंमत १०.३० पौंडांवरच ठेवायची तर विक्रेता व प्रकाशक यांच्या हाती सुमारे ८.५८ पौंडच उरतात. करवाढीचा भार कोणी सोसायचा, हा प्रश्न येथे उभा राहतो.

५ मार्च २०१५ रोजी युरोपीय न्यायालयाने फ्रान्स व लक्झेंबर्गची सवलत नियमबाह्य ठरवली आणि १ मे २०१५ पासून लक्झेंबर्गचा दर १७ टक्के झाला. पोलंडमध्ये छापील पुस्तकावर ५ टक्के, तर ई-पुस्तकावर २३ टक्के कर होता. तेथील नागरी हक्क आयुक्तांनी उपस्थित केलेला समतेचा मुद्दाही न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी अमान्य केला. अखेर नोव्हेंबर २०१८ मध्ये नियमच बदलून सदस्य देशांना सवलतीची मुभा देण्यात आली.

युरोपीय संघातून बाहेर पडलेल्या ब्रिटनने १ मे २०२० पासून ई-पुस्तकांचा दर २० टक्क्यांवरून शून्यावर आणला. पुस्तके स्वस्त होतील, अशी अपेक्षा होती. तथापि, पुढे झालेल्या एका विश्लेषणात किमती त्या प्रमाणात उतरल्याचे आढळले नाही. याचे कारण किंमत ठरविण्याच्या पद्धतीत आहे. अनेक ई-पुस्तकांची किंमत प्रकाशकच ठरवतो. वाचक ती देण्यास तयार असेल, तर कर गेल्यावरही ती उतरविण्याची सक्ती नसते.

भारतीय संदर्भ :

हाच भेद भारतातही आढळतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा छापील पुस्तके करमुक्त राहिली. ई-पुस्तकांवर मात्र १८ टक्के कर लागला. जुलै २०१८ मध्ये तो ५ टक्के झाला. परंतु ई-पुस्तक म्हणजे ‘छापील पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती’ अशी व्याख्या करण्यात आली. छपाईचा खर्च न परवडल्याने केवळ ई-रूपात पुस्तक काढणारा मराठी लेखक या व्याख्येबाहेर राहिला. वास्तविक सवलतीची गरज त्यालाच अधिक होती.

निष्कर्ष :

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ई-पुस्तकावरील कराचा दर त्यातील मजकुरावरून नव्हे, तर कायद्याने केलेल्या वर्गीकरणावरून ठरला. तसेच करकपात म्हणजे आपोआप किंमतकपात नव्हे. अक्षरे मोठी करून किंवा आवाजात ऐकून वाचणाऱ्या दृष्टिबाधित वाचकासाठी ई-पुस्तक ही चैन नसून गरज आहे. त्याच्यापर्यंत सवलत पोहोचवायची असेल, तर केवळ दर घटविणे पुरेसे नाही. सुटलेला कर कोणाच्या हाती राहतो, हेही तपासणे आवश्यक आहे.