टाकाऊतला रणगाडा

१९८७ साली इंग्लंडमधील ‘गेम्स वर्कशॉप’ने रिक प्रिस्टली यांनी लिहिलेला ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा टेबलावर मांडायचा युद्धखेळ आणला. बोटाएवढे सैनिक विकत मिळत, वाहने मात्र फारशी नव्हती. तेव्हा डिओडरंटच्या रिकाम्या डबीला प्लॅस्टिकचे तुकडे आणि जुन्या मॉडेलांचे सुटे भाग चिकटवून तरंगता रणगाडा करण्याची युक्ती कंपनीनेच छापून दिली.

पुढच्याच वर्षी ‘ऱ्हायनो’ हे चिलखती वाहन सुट्या प्लॅस्टिक भागांत, एका खोक्यात तीन, असे बाजारात आले. टाकाऊतून घडवण्याची गरज संपली, पण घडवणे थांबले नाही. या इतिहासातले मला महत्त्वाचे वाटते ते हेच. साच्यातून निघालेली सगळी वाहने सारखीच; आपली पलटण ओळखू यायची तर खेळाडूने हात चालवायला हवा. आधी अस्तराचा रंग, मग पलटणीचा. पातळ काळपट रंग खाचांत उतरतो, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळतात, स्पंजाच्या ठिपक्यांनी पोपडे दिसू लागतात. न झालेल्या लढायांच्या या खुणांमुळेच विकतचे वाहन त्याचे स्वतःचे होते. टंचाईने लावलेली सवय मुबलकतेतही टिकली, ती या आपलेपणासाठी, असे मला वाटते.